साइडकार मोटारसायकलची दूरप्रवासासाठी सज्जता

साइडकार मोटारसायकल म्हणजे मोटारसायकलच्या एका बाजूस, स्वतंत्र चाक असलेली प्रवासी बैठक जोडून तयार केलेले तीन चाकांचे वाहन होय. दोन व्यक्तींनी, विशेषतः पती-पत्नीने, अनेक दिवसांचा प्रवास एकत्र करण्यासाठी हे वाहन वापरले जाते. मागच्या आसनावर तासन् तास बसणे ज्यांना गुडघ्यांच्या किंवा पाठीच्या दुखण्यामुळे शक्य नसते, त्यांना साइडकारमुळे पाठ टेकून आणि पाय पसरून बसता येते. मात्र साइडकार जोडल्यावर मोटारसायकल वळणावर कलू शकत नाही. तिची समतोलाची, वळण्याची आणि थांबण्याची रीत मुळापासून बदलते. म्हणून दूरप्रवासाची सज्जता ही केवळ सामान बांधण्याची बाब नसून वजन कोठे आणि किती ठेवायचे याचा विचार असतो. या लेखात महाराष्ट्रातील उदाहरणे प्रामुख्याने तुळजापूर (धाराशिव जिल्हा) येथे जाणाऱ्या मार्गांवरील घेतली आहेत.

इतिहास

साइडकारचा व्यापारी प्रसार इंग्लंडमध्ये १९०३ नंतर झाला. मोटारगाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असताना साइडकार हेच अनेक कुटुंबांचे वाहन होते. १९१५ मध्ये एफी हॉचकिस आणि त्यांच्या आई एव्हिस यांनी हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल आणि साइडकार घेऊन न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन परतीचा प्रवास केला. वाटेत ट्यूब संपल्या तेव्हा त्यांनी घोंगडी कापून टायरमध्ये भरली आणि पुढचे गाव गाठले. झोल्टान सुलकोव्हस्की आणि ग्युला बार्था या दोन हंगेरियन तरुणांनी १९२८ ते १९३६ या काळात साइडकारने जगप्रवास केला. त्यात भारताचाही समावेश होता. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोघींनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडन सोडले आणि सहारा वाळवंट ओलांडून जुलै १९३५ मध्ये त्या केपटाउनला पोहोचल्या. त्यांच्याकडे ६०० घनसेंटीमीटर क्षमतेची पँथर मोटारसायकल, साइडकार आणि मागे ओढावयाचा ट्रेलर होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व सोव्हिएत संघाने साइडकारचा लष्करी वापर मोठ्या प्रमाणावर केला. १९४१ पासूनची सोव्हिएत परंपरा पुढे उरल या नावाने चालू राहिली. तिच्या काही प्रकारांत साइडकारच्या चाकालाही इंजिनाची शक्ती मिळते आणि मागे जाण्याचा गिअर असतो. युद्धानंतर स्वस्त मोटारगाड्या आल्या आणि युरोपात साइडकार मागे पडली.

भारतात मोटारसायकलीप्रमाणेच स्कूटरलाही साइडकार जोडली जात असे. महाराष्ट्रातील शहरांत पत्नी व मुलांना साइडकारमध्ये बसवून नेणारा स्कूटरस्वार हे एकेकाळी परिचित दृश्य होते. १९७५ च्या ‘शोले’ या हिंदी चित्रपटामुळे साइडकारची मोटारसायकल देशभर ओळखीची झाली. १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर मध्यमवर्गीय कुटुंब हळूहळू छोट्या मोटारगाडीकडे वळले. आज साइडकार प्रामुख्याने हौशी प्रवासी आणि जुन्या वाहनांचे संग्राहक वापरतात.

समतोलाचे शास्त्र

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे साइडकारही डावीकडे जोडतात. चालक उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्या बाजूस राहतो आणि समोरून येणारे वाहन त्यास नीट दिसते. या रचनेत डावे व उजवे वळण सारखे नसते.

डाव्या वळणावर वाहन उजवीकडे, म्हणजे साइडकारच्या विरुद्ध दिशेला ढकलले जाते. वेग मर्यादेपलीकडे गेल्यास साइडकारचे चाक जमिनीवरून उचलले जाते. उजव्या वळणावर भार साइडकारच्या चाकावर येतो व वाहन तुलनेने स्थिर राहते. तरीही अशा वळणात जोरात ब्रेक लावल्यास मोटारसायकलचे मागचे चाक हलके होऊन वाहन डावीकडे पुढे झुकू शकते.

दुसरी व्यक्ती कोठे बसते यावर सुरक्षितता किती अवलंबून असते, हे एका ढोबळ गणिताने स्पष्ट होते. मोटारसायकल १९५ किलो, चालक ७० किलो आणि साइडकार ९० किलो धरली, साइडकारचा भार मोटारसायकलच्या चाकांच्या रेषेपासून ७० सेंटीमीटरवर मानला आणि सपाट रस्त्यावर ३० मीटर त्रिज्येचे डावे वळण घेतले, तर पुढील अंदाज मिळतात.

• साइडकार रिकामी, चालक एकटा: एकूण भार ३५५ किलो. गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेपासून सुमारे १८ सेंटीमीटर डावीकडे व ६० सेंटीमीटर उंचीवर. चाक उचलले जाण्याची मर्यादा ताशी सुमारे ३४ किलोमीटर.
• साइडकारमध्ये ६० किलोची व्यक्ती व ३० किलो सामान: एकूण भार ४४५ किलो. तीच उंची धरल्यास गुरुत्वमध्य सुमारे २८ सेंटीमीटर डावीकडे. मर्यादा ताशी सुमारे ४२ किलोमीटर.
• साइडकार रिकामी, ६० किलोची व्यक्ती चालकामागे: एकूण भार ४१५ किलो. गुरुत्वमध्य केवळ १५ सेंटीमीटर डावीकडे, उंची सुमारे ६५ सेंटीमीटर. मर्यादा ताशी सुमारे ३० किलोमीटर.

हे आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्षात रस्त्याचा उतार, स्प्रिंगांचे दबणे आणि चालकाचे डावीकडे झुकणे यांनी ते बदलतात. परंतु क्रम बदलत नाही. जोडीदार साइडकारमध्ये बसल्यास वाहन अधिक स्थिर होते, तर चालकामागे बसल्यास ते सर्वाधिक धोकादायक होते. वाटेत जोडीदार उतरला आणि चालक एकटा निघाला, तर सकाळी सहज घेतलेले तेच वळण संध्याकाळी तितक्या वेगाने घेता येत नाही. म्हणून एकट्याने चालवताना साइडकारमध्ये वाळूची पोती किंवा तत्सम वजन घट्ट बांधून ठेवण्याचा प्रघात आहे.

साइडकारची जोडणी

साइडकार मोटारसायकलच्या सांगाड्यास सामान्यतः चार ठिकाणी जोडतात. त्यांपैकी दोन जोड खाली व दोन वर असतात. आधुनिक मोटारसायकलींचे सांगाडे बाजूने येणारा ताण सहन करण्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे मूळ नळ्यांवर थेट वेल्डिंग करण्याऐवजी स्वतंत्र उपसांगाडा बसवून त्यावर जोड देणे श्रेयस्कर ठरते. जोडणी करताना पुढील मापे महत्त्वाची असतात.

• चाकाची आघाडी: साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या आसापेक्षा थोडे पुढे, सामान्यतः २० ते ३० सेंटीमीटर ठेवतात. त्यामुळे उजव्या वळणावर पुढे झुकण्याचा धोका कमी होतो.
• टो-इन: साइडकारचे चाक मोटारसायकलच्या चाकांना अगदी समांतर नसते. ते पुढच्या बाजूस किंचित आत वळवलेले असते. दोन्ही बाजूंच्या चाकांना सरळ फळ्या टेकवून पुढील व मागील अंतर मोजल्यास सुमारे १० ते २० मिलिमीटरचा फरक ठेवला जातो. फरक कमी असल्यास वाहन साइडकारकडे ओढते आणि फार असल्यास टायर लवकर झिजतो.
• बाहेरचा कल: मोटारसायकल साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली ठेवतात. रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता असल्यामुळे वाहन डावीकडे ओढले जाते. हा कल ती ओढ भरून काढतो. हे माप चालक, जोडीदार व सामान जागेवर असताना घ्यावे लागते. रिकाम्या वाहनावर केलेली जुळणी प्रवासाच्या दिवशी निरुपयोगी ठरते.

साइडकार जोडल्यावर हँडल जड होते. दिवसभराच्या प्रवासात खांदे व मनगटे दुखण्याचे हे मुख्य कारण असते. त्यावर उपाय म्हणून साइडकारसाठी खास बनवलेला पुढचा फोर्क बसवतात. कमी वेगात हँडल थरथरत असल्यास स्टिअरिंग डॅम्पर लावतात. डाव्या पायाने गिअर बदलण्यास पुरेशी जागा राहते की नाही, हेही जोडणीपूर्वी तपासतात. साइडकारच्या बाजूस चेन असल्यास ती ताणण्यासाठी व तिला तेल देण्यासाठी हात पोहोचणे आवश्यक असते.

ब्रेक, टायर व गिअर

केवळ मोटारसायकलच्या चाकांना ब्रेक असल्यास साइडकार आपल्या गतीने पुढे जाऊ पाहते आणि वाहन उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेने वळते. म्हणून दूरप्रवासाच्या वाहनात साइडकारच्या चाकालाही ब्रेक असणे आवश्यक मानले जाते. याउलट वेग वाढवताना वाहन किंचित डावीकडे ओढते.

वाहन कलत नसल्यामुळे वळणावरील सर्व जोर चाकाच्या रिमवर व स्पोकवर बाजूने पडतो. स्पोक सैल झाले आहेत का, हे प्रवासात रोज तपासावे लागते. मोटारसायकलचा गोलाकार टायर मधोमध लवकर झिजून सपाट होतो. त्यामुळे काही प्रवासी मागच्या चाकास सपाट पृष्ठभागाचा टायर वापरतात. तिन्ही चाकांना एकाच मापाचा टायर बसत असेल तर एकच जादा चाक किंवा टायर पुरतो. ही लांबच्या प्रवासात मोठी सोय असते.

वाढलेला भार ओढण्यासाठी पुढचे स्प्रॉकेट लहान किंवा मागचे मोठे बसवून गिअरचे गुणोत्तर बदलतात. त्यामुळे कमाल वेग घटतो, परंतु चढावर क्लच जळण्याची भीती कमी होते. ३५० घनसेंटीमीटर इंजिनाच्या भरलेल्या वाहनाने महामार्गावर ताशी ५० ते ६० किलोमीटरचा वेग राखणे इंजिन व प्रवासी दोघांच्याही सोयीचे असते.

जोडीदाराची बैठक

साइडकारमधील प्रवासी चालकापेक्षा बराच खाली बसतो. चाकांनी उडवलेली धूळ, खडी आणि पावसाचे पाणी प्रथम त्याच्याकडे येते. पुढे उंच काच, बाजूने आच्छादन आणि डोक्यावर दुमडता येणारे छत असल्यास उन्हाळा व पावसाळा दोन्ही सुसह्य होतात. कंबरेला आधार देणारी पाठ, पाय टेकण्याची तिरपी फळी आणि चढण्या-उतरण्यासाठी पायरी व मजबूत दांडा या सोयी वयस्कर प्रवाशांसाठी अत्यावश्यक आहेत.

साडीचा पदर, ओढणी किंवा उपरणे मोटारसायकलच्या मागच्या चाकात वा चेनमध्ये अडकण्याचा धोका साइडकारमध्येही असतो, कारण प्रवाशाच्या उजव्या हाताशीच ते चाक फिरत असते. दोहोंमधील फट जाळीने किंवा पत्र्याने पूर्ण बंद करतात. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हेल्मेटमधील ब्लूटूथ संच किंवा आधी ठरवलेल्या हाताच्या खुणा वापरल्या जातात. ‘थांबा’ ही खूण सर्वांत महत्त्वाची मानली जाते. कडेचा खड्डा, सुटलेला पट्टा किंवा तापलेल्या टायरचा वास चालकाच्या आधी साइडकारमधील व्यक्तीच्या लक्षात येण्याचा संभव अधिक असतो.

सामान, इंधन व सुटे भाग

जड वस्तू खाली आणि साइडकारच्या चाकाच्या आसाजवळ ठेवणे हा सामान भरण्याचा मुख्य नियम आहे. हत्यारे, पाण्याचा कॅन व सुटे भाग साइडकारच्या तळाशी ठेवतात. कपडे व अंथरूण मागच्या डिकीत जाते. मोटारसायकलच्या मागच्या कॅरिअरवर जड पेटी बांधल्यास वरील गणितातील तिसऱ्या प्रकारासारखी स्थिती निर्माण होते. पेट्रोलचा जादा डबा प्रवाशाच्या बैठकीपासून दूर, बाहेरील बाजूस घट्ट बसवलेला असावा.

भार व हवेचा रोध वाढल्याने इंधनाचा खर्च लक्षणीय वाढतो. उदाहरणार्थ, एरवी लिटरला ३५ किलोमीटर जाणारी मोटारसायकल साइडकारसह २४ किलोमीटर जाऊ लागली, तर १३ लिटरच्या टाकीत ४५५ ऐवजी ३१२ किलोमीटर अंतर होते. पुणे ते तुळजापूर हे सोलापूरमार्गे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. म्हणजे एरवी एका टाकीत आरामात होणाऱ्या या प्रवासात वाटेत पेट्रोल भरणे भाग पडते.

सोबत घ्यावयाच्या वस्तूंत क्लच व ॲक्सिलरेटरच्या तारा, क्लच प्लेट, स्पार्क प्लग, चेनचे जोड, स्पोक, ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, फ्यूज व बल्ब यांचा समावेश होतो. साइडकारच्या चाकाचे बेअरिंग आणि जोडांचे नट-बोल्ट वाटेतील दुकानात मिळतीलच असे नाही. त्यामुळे ते आवर्जून बाळगतात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि त्यापुढे रोज सकाळी सर्व जोड पान्याने तपासण्याची शिस्त पाळली जाते. साधे स्टँड वापरता येत नसल्याने उतारावर थांबताना पहिला गिअर टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावतात.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटारसायकल’ या संज्ञेच्या व्याख्येत जादा चाक असलेल्या, काढता येण्याजोग्या साइडकारचा समावेश आहे. तथापि याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात फेरबदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. यामुळे साइडकार विकत घेण्यापूर्वीच संबंधित परिवहन कार्यालयात विचारणा करून लेखी मान्यता मिळवणे आणि विमा कंपनीस बदल कळवणे हिताचे असते. विनामान्यता बदल केलेल्या वाहनास अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

कलम १२९ नुसार मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या व्यक्तीसही हेल्मेट बंधनकारक आहे. साइडकारमध्ये बसलेली व्यक्ती त्यास अपवाद नाही. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकी व तिचाकी वाहनांना प्रवेश नसल्याने साइडकारच्या प्रवाशांना मुंबईहून पुण्यास जुन्या महामार्गानेच यावे लागते.

तुळजापूर परिसरातील मार्ग

तुळजाभवानी ही महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी असल्याने विवाहानंतर नवदांपत्याने जोडीने दर्शनास जाण्याची परंपरा आहे. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणी येथील साडेतीन शक्तिपीठांची यात्रा हा राज्यातील दांपत्यांच्या दूरप्रवासाचा एक रूढ मार्ग होय. त्यात पठारी महामार्ग व घाटरस्ते दोन्ही येतात.

तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. सोलापूरहून येणारा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता (राष्ट्रीय महामार्ग ५२) शेवटी घाट चढून गावात पोहोचतो. पुढे हाच महामार्ग धाराशिव व बीडकडे जातो, तर राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूरहून औसा, लातूर व नांदेडच्या दिशेने निघतो. घाटात वळणापूर्वीच वेग कमी करणे, डावे वळण विशेष जपून घेणे आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून ब्रेक तापू न देणे आवश्यक असते. देवदर्शनानंतर परतताना साइडकारमधील भार आला तेव्हाइतकाच आहे का, हे पाहूनच उतार धरावा लागतो.

मोटारसायकल रस्त्यावर एक चाकोरी निवडते आणि मोटारगाडी दोन. साइडकारला मात्र तीन चाकोऱ्या सांभाळाव्या लागतात. दोन चाकांमध्ये खड्डा घेऊन निघून जाणे तिला सहसा जमत नाही. महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर पावसाळ्यात काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये साचून चाक अडवते. त्यामुळे मडगार्डची फट मोठी ठेवतात. उसाच्या गाळप हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. त्यांपैकी अनेकांना मागे दिवे नसतात. साइडकारलाही स्वतःचा पुढचा व मागचा दिवा नसेल तर समोरच्या वाहनास ती एकटी मोटारसायकल वाटते आणि तो तिच्या रुंदीपुरती जागा सोडत नाही. शारदीय नवरात्रापासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची मोठी गर्दी असते व वाहतूक अन्य मार्गांनी वळवली जाते. या काळात साइडकारचा प्रवास टाळणे इष्ट असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जात असल्याने पहाटे निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठला जातो.

सराव

अनुभवी मोटारसायकलस्वारालाही साइडकार नव्याने शिकावी लागते, कारण कलून वळण्याची अंगवळणी पडलेली सवय येथे उपयोगी पडत नाही. हँडल प्रत्यक्ष वळवावे लागते. मोकळ्या मैदानात प्रथम वजन भरलेल्या साइडकारने आणि नंतर जोडीदारासह संथ वेगात वर्तुळे व आठच्या आकड्याची वळणे घेतात. त्यानंतर एका दिवसात परतता येईल असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास पूर्ण सामानासह केला जातो. सोलापूरहून तुळजापूरला जाऊन येणे हे याचे सोयीचे उदाहरण आहे. या चाचणीत बैठकीतील अडचणी जोडीदाराने सांगाव्यात व त्या दुरुस्त झाल्यावरच लांबचा बेत आखावा, अशी पद्धत रूढ आहे. दोघांनीही वाहन चालवण्यास शिकल्यास एकाच्या आजारपणात दुसऱ्यास वाहन जवळच्या गावापर्यंत नेता येते. त्यासाठी दोघांकडेही वैध परवाना असणे आवश्यक आहे.

हे सुद्धा पहा

• मोटारसायकल
• स्कूटर
• तुळजापूर
• साडेतीन शक्तिपीठे